पाटी

बिन्सी सिस्टरने दिलेला कागद
फ्रिजवर लावलाय, लिंबाच्या चुंबकाखाली:
दोघांनी मिळून करायच्या गोष्टी.
दोरीला चिमटे लावा. फोटो बघा. मणी ओवा.
मणी तुम्ही पहिल्याच दिवशी भिरकावलेत.
अजून केर काढताना एखादा निघतो सोफ्याखालून,
मी तो डब्यात टाकते, जणू आपण पुन्हा ओवणार आहोत.

लसूण मात्र जमतो.
मी गड्डा फोडते, तुम्ही डाव्या अंगठ्याने
कुडीची साल रेटत राहता,
उजवा हात मांडीवर, पाहुण्यासारखा.
एका गड्ड्याला अर्धा तास.
लागू दे. माझी पाळी दुपारी दोनची,
पॉलिक्लिनिक चालत दहा मिनिटांवर.

खाली रोलाच्या गल्लीत
तुमच्या हातच्या तीन पाट्या उरल्यात:
न्हाव्याची, घड्याळजीची,
आणि त्या कॅफेटेरियाची, जिच्यावरच्या आंब्याला
तुम्ही देवगडचा रंग दिलात
आणि कासरगोडचा मालक म्हणाला, एवढा पिवळा कुठे असतो?
बाकी सगळ्यांवर प्लास्टिक चढलं, आतून दिवा.

तेव्हा मी आले तुमच्या व्हिसावर.
आता तुम्ही माझ्या.
टायपिंग सेंटरमधल्या पोराने
'अवलंबित'च्या चौकटीत पद्माकर टाइप केलं
तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघत होतात,
बहुतेक अक्षरांमधलं अंतर.

बोलणं जाऊन चौदा महिने झाले.
'हं' आहे. 'नको'चा हात आहे.
एक शिवी आहे, अर्धी.
ती मला फार आवडते.

परवा शुक्रवारी रवा परातीत पसरला होता,
इथल्या दमटाने किडे होतातच.
पाणीवाल्याने बेल वाजवली, मी दाराशी गेले,
परत आले तर तुमचं बोट रव्यात.
उजवीकडून डावीकडे.
एक पोटात वळलेलं अक्षर, डोक्यावर ठिपका,
मग खाली दोन, मग एक उभी काठी,
आणि शेवटी शीड उभारलेली होडी.

अरबी. जी तुम्हाला कधीच वाचता आली नाही.
दुकानदार चिठ्ठीवर लिहून द्यायचे,
तुम्ही पेन्सिलीने चौकटी पाडून
चित्र उचलावं तशी उचलायचात.

मी फोटो काढून खाली पळाले,
इस्त्रीवाल्या गुल नवाबला दाखवला.
'खय्यात,' तो म्हणाला, 'दर्जी, बाजी, दर्जी.'
चौदा महिन्यांनी नवरा बोलला,
आणि बोलला काय, तर शिंपी!
लिफ्ट बंद होती. जिन्यात हसत निघाले,
दुसऱ्या मजल्यापर्यंत हसू पुरलं,
तिसऱ्यावर पायरीवर बसून घेतलं जरा.

घरात आल्यावर दिसलं:
तुमच्या सदऱ्याची काखेतली शिवण उसवलेली, चांगली वीतभर.
कधीपासून, देव जाणे.
तुम्ही सांगत होतात,
की हाताला नुसती एक जुनी पाटी आठवली?
विचारलं, अहो, हे का?
'हं.'

मग सुई मी धरली, दोरा तुम्ही.
माझा चष्मा लावूनही मला नेढं दिसेना,
तुमचा डावा हात थरथरत आला, चुकला,
पुन्हा चुकला,
आणि मग नेमका, ब्रशने बारीक रेघ संपवावी तसा, आरपार.
मी टाके घालताना तुम्ही तोंड वाकडं केलंत.
टाके वाकडे होते, मान्य.

संध्याकाळी सांजा करायचा होता,
पण परात हलवायला हात होईना.
बाहेर मगरिबची बांग, एसीच्या डब्यावर पारव्यांची गडबड.
तुम्हीच तळहात फिरवून ती पाटी कोरी केलीत,
कडेचा रवाही नीट आत ओढलात,
आणि परात माझ्याकडे सरकवलीत.

माझी पाळी.